पहिला पाण्याचा

मी फुलुसी बोलतोय. पेंबा बेटाच्या पश्चिमेला, जिथं समुद्राचा तळ एकदम खाली जातो आणि पाण्याचा निळा रंग जांभळ्याकडे झुकतो, तिथं राहणारा एक मासा. इतर देशांत मला माहीमाही म्हणतात असं ऐकलंय. तुमच्या बाजारात मला काय नाव आहे ते मला ठाऊक नाही, आणि कळून उपयोगही नाही. बाजारात पोचेपर्यंत आमच्यातल्या कुणाला ऐकू येत नसतं.

माझं वय चार वर्षांच्या आसपास आहे. हसू नका. आमच्या जातीत बहुतेकांना दुसरं वर्षही बघायला मिळत नाही. चौथं म्हणजे शंभरी. इतका कसा जगलो, तेच सांगायचं आहे. सगळं जसं सांगतोय तसंच घडलं का, याची मात्र मला पुरती खात्री नाही. म्हातारा झाला की कुणीही स्वतःच्या बाजूनंच आठवतो.

आई मला माहीत नाही. आमच्या माद्या उघड्या समुद्रात अंडी सोडतात, एका वेळी लाखभर, आणि पुढं निघून जातात. अंडं तरंगत राहतं, दोन-तीन दिवसांत फुटतं. मी बाहेर आलो तेव्हा पापणीच्या केसाएवढा होतो. सुरुवातीला काय खाल्लंस असं कुणी विचारलं, तर तोंडात मावेल ते, एवढंच सांगता येईल. त्यात भावंडंही असणार. तेव्हा कोण भाऊ आणि कोण घास, हे बघायला वेळ नव्हता.

आमच्या अंगात भूक आधी येते, अक्कल मागून. सहा महिन्यांत आम्ही हातभर लांब होतो, वर्षात माणसाच्या कमरेला लागू एवढे. इतकं वाढायचं तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत खात राहावं लागतं. उडते मासे पाण्याबाहेर झेप घेतात, तर ते जिथं पडणार तिथं आम्ही खालून आधीच पोचलेलो असतो. कुणी याला चपळाई म्हणेल. मला ती आता हावच वाटते.

दुसरी खोड सावलीची. उघड्या समुद्राला आडोसा नसतो. वर आभाळ, खाली काळोख, मध्ये आपण. अशा ठिकाणी नारळाची एक झावळी जरी तरंगत आली, तरी घर आल्यासारखं वाटतं. का वाटतं, याचा मी पुष्कळ विचार केला. झावळीखाली खाणं असतं म्हणावं, तर पुष्कळदा नसतंही. तरी आम्ही जमतो. जे तरंगतं त्यावर विश्वास ठेवायचा, एवढा एकच धर्म आमच्या जातीला आहे. तो माणसांनी बरोबर ओळखला.

फाकी नावाच्या म्हाताऱ्या कोळ्यानं तो सगळ्यांत नीट ओळखला होता. त्यानं बांबूंचा तराफा बांधला, त्याच्याखाली जुनं जाळं आणि झावळ्या लोंबत सोडल्या आणि खूप लांब दोराला दगड बांधून तो खोल पाण्यात नांगरला. मी एक वर्षाचा असताना तिथं आलो. तीस-चाळीस जण आधीच होते. सावली दाट होती, झावळ्यांत बारीक खेकडे होते. मला वाटलं, आता कुठं जायला नको.

फाकी उलांडीच्या, म्हणजे तोल राहावा म्हणून बाजूला आडवं लाकूड बांधलेल्या होडीतून सकाळी यायचा. त्याच्याबरोबर त्याचा मेव्हणा मकामे असे. हा पूर्वी बेटावर लवंगा तोडायचा. झाडावरून पडून कंबर दुखावली, तेव्हा बहिणीनं, म्हणजे फाकीच्या बायकोनं, मिझेनं, त्याला नवऱ्याच्या होडीत बसवला. होडीचं लाकूड पाण्यात सगळं बोलतं. वर माणूस खोकला तरी आम्हाला खाली कळतं. म्हणून त्यांची बोलणी मला माहीत आहेत.

मी पहिल्यांदा गळाला लागलो त्या दिवशी मकामे ओरडला, "दाजी, लागला! कपाळ बघा केवढं, नर आहे नर! खेचा वर!"

"वर नाही. पाण्यातच राहू दे."

"अहो, पळेल!"

"पळाला तर तुझ्या बहिणीला सांगेन, तुझा भाऊ नुसता दोर धरायच्याही कामाचा नाही. धर घट्ट."

माझ्या जबड्याच्या कोपऱ्यात गळ होता आणि दोर आखूड केलेला. मी होडीच्या बाजूनं गोल गोल ओढत होतो. फाकी शांतपणे दुसऱ्या गळाला म्हाकुळाचा तुकडा लावत होता.

"पहिला पाण्यात ठेवला की बाकीचे जात नाहीत," तो म्हणाला. "माझ्या बापानं शिकवलंय. हे मासे एकमेकाला सोडून जात नाहीत."

"मग माणसापेक्षा बरे की."

"म्हणून तर खातो त्यांना."

आणि खरोखर ते आले. मी त्यांना येऊ नका म्हणत होतो. निदान मला तसं आठवतं. पण आमची भाषा अंगावर असते. भीतीनं, दुखण्यानं आमचं अंग पेटतं. पाठ निळी होते, कुशी सोन्यासारख्या चमकतात, पट्टे उमटतात. आणि छोट्या माशांचा थवा सापडल्यावर, आनंदानं खाताना, अंग असंच पेटतं. लांबून बघणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. मी जितका घाबरलो तितका जास्त चमकलो, आणि इकडे मेजवानी चाललीय असं समजून माझी माणसं धावत आली. नऊ जण वर गेले. होडीच्या तळावर त्यांच्या शेपट्या आपटत होत्या आणि ते लाकडातून मला ऐकू येत होतं.

ऊन कलल्यावर मकामे म्हणाला, "आता ह्याला काढू?"

"ह्याला सोडायचा. पहिला पाण्याचा."

"एवढा मोठा?"

"दिवसभर राबला तो. कामाला आलेल्याला कापत नाहीत. हेही बापाचंच."

"मग मलाही सोडा कधीतरी."

"तू कुठं कामाला आलास?"

फाकीनं मला कडेला घेतलं, गळ सोडवला आणि मिझेच्या जुन्या कांग्याची, म्हणजे बेटावरच्या बायका गुंडाळतात त्या छापील कापडाची, एक पिवळी पट्टी फाडून माझ्या शेपटीच्या बारीक भागाला बांधली. पुन्हा लागला तर ओळखू येईल, चुकून कापला जाणार नाही, असं तो म्हणाला. त्याचे हात ओले आणि हलके होते. तो दुष्ट माणूस नव्हता. हे मला कबूल करावं लागतं, आणि त्यामुळे माझं काम सोपं होत नाही.

त्या मोसमात मी आणखी सात वेळा लागलो. की आठ. तुम्ही विचाराल, एकदा कळल्यावर पुन्हा का? मीही स्वतःला विचारतो. भूक, हे एक उत्तर आहे. दुसरं उत्तर असं की मला सोडतात हे मला माहीत झालं होतं. दोन्हींत खरं कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आला बघा मुकादम!" मला बघितलं की मकामे हसायचा. लवंगांच्या बागेत त्यानं मुकादम पुष्कळ पाहिले होते. "माणसं गोळा करतो आणि स्वतः कधी टोपलीत जात नाही. दाजी, ह्याला एक छत्री द्या, म्हणजे शोभेल."

फाकीही हसायचा. मी दोरावर गोल फिरत असायचो.

असेच आणखी दोन मोसम गेले. मग पुन्हा उत्तरेचा वारा सुरू झाला, पाणी उबदार झालं आणि ती आली. माझ्याहून लहान, कपाळ गोल, कुशीवर निळे ठिपके इतके बारीक की जवळ गेल्याशिवाय दिसत नसत. आमच्यात नर-मादी जोडीनं हिंडतात. त्याला तुम्ही प्रेम म्हणाल का, मला ठाऊक नाही. ती उजवीकडे वळली की मी वळलेला असायचो, एवढं सांगू शकतो. दर दोन-तीन दिवसांनी ती अंडी सोडायची आणि मी तिच्या मागून जायचो. पाण्यावर आमची लाखो मुलं सांडत होती. त्यांतलं एकही आम्हाला ओळखणार नव्हतं आणि आम्ही त्यांना.

"हे शेपटीला काय आहे?" तिनं एकदा विचारलं.

"अडकलंय काहीतरी."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी एक युक्ती केली. उलांडी पाण्यावर आपटल्याचा आवाज आला की मी तिला घेऊन दूर जायचो. तिथं एखादा ओंडका किंवा शेवाळाचा पुंजका शोधायचा आणि होडी जाईपर्यंत त्याच्याखाली उपाशी राहायचं. मला एवढंच हवं होतं की तिनं त्या होडीजवळ कधी जाऊ नये. बाकीच्यांचं मी सोडून दिलं होतं.

तीन आठवडे हे जमलं. चौथ्यात नाही. त्या दिवशी ओंडका नव्हता, शेवाळ नव्हतं. आदल्या दिवसापासून आमच्या पोटात काही गेलं नव्हतं. होडी आली आणि मकामेनं पाण्यात बारीक मासळीचा चुरा फेकला. वास पसरला. मी तिच्याकडे बघेपर्यंत ती निघाली होती.

होडीत मकामे रात्रीच्या जेवणाच्या बेताबद्दल बोलत होता. त्याच्या मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच घरी जेवायला येणार होती.

"विहीण लई नाकाची आहे, दाजी. नारळाच्या भातावर असा आडवा मासा पाहिजे की ताटाच्या दोन्हीकडून बाहेर आला पाहिजे. बोलतीच बंद."

"तुझी कधी बंद होणार?"

तेवढ्यात मकामेच्या दोराला ती लागली. मी ते पाहिलं. गळ तिच्या ओठातून आरपार गेला, ती पेटली, सोनं, निळं, पट्टे, आणि मी तिच्याकडे झेपावलो. तिच्या शेजारी फाकीचा गळ लोंबत होता, त्यावर म्हाकूळ होता. दोन श्वासांचं अंतर असेल, जास्त नाही. मी तिच्यासाठी गेलो की म्हाकुळासाठी, हे मला आजही सांगता येत नाही. एवढं खरं की मी तिच्यानंतर लागलो.

"माझा आधी!" मकामे ओरडला.

"कसला आधी? शेपूट बघ, चिंधीवाला आहे. तोच पहिला."

"पण दाजी, माझा दोर..."

"तुझं तोंड आधी लागतं, दोर नाही. तो कायमचाच पहिला आहे. खेच तुझा वर."

मकामे क्षणभर थांबला. त्याला माहीत होतं. नियमानं तिला पाण्यात ठेवून संध्याकाळी सोडायचं होतं आणि वर जायला हवं होतं मला. माझं वजन तिच्या दुप्पट होतं. मलाच खेचून घेतलं असतं तर विहिणीचं ताट आणखी भरलं असतं. पण माझ्यावर चिंधी होती, म्हातारा ऐकत नव्हता आणि घरी पाहुणे यायचे होते. त्यानं तोंड मिटलं आणि दोर खेचला.

ती होडीच्या काठावरून आत जाताना मी खालून पाहत होतो. आधी सोन्याची, मग हिरवट, मग एकदम चांदीसारखी, आणि शेवटी राखेच्या रंगाची. सगळं इतक्या लवकर. मग लाकडावर शेपूट आपटायला लागलं. ते मात्र लवकर थांबलं नाही.

माझ्याभोवती चार जण जमले होते. तेही गेले. संध्याकाळी फाकीनं मला सोडलं, चिंधीची गाठ पक्की केली आणि म्हणाला, "जा बाबा."

आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पाण्यात शिरल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? मला हायसं वाटलं. ती आठवली, पण त्यानंतर.

दहा-बारा दिवसांनी मी पुन्हा दोरावर होतो आणि मकामे कुरकुरत होता. विहिणीनं मासा खाल्ला, वर मीठ कमी आहे म्हणाली. फाकी हसला. मग बोलता बोलता मकामेच्या तोंडून निसटलं.

"तरी ती मादी आधी लागली होती. तुमच्या ह्या मुकादमाच्या आधी."

दोर हलायचा थांबला.

"काय म्हणालास?"

"आधी लागली होती. मी त्याच दिवशी म्हणालो की."

"एकदा म्हणालास. दुसऱ्यांदा का नाही म्हणालास?"

 मकामे हळूच म्हणाला, "पाहुणे यायचे होते, दाजी."

"म्हणजे आपण पहिला खाल्ला."

"मासाच होता हो."

"मी पण खाल्ला." फाकीचा आवाज बदलला होता. "मिझेनं मला डोकं वाढलं. मी दोनदा भात घेतला. साठ वर्षांत बापाचा शब्द मोडला नव्हता रे मी."

"आता काय करायचं? विहिणीच्या पोटातून काढू?"

 फाकीनं मला जवळ ओढलं आणि सुरीनं चिंधी कापली. खालचं कातडं सोलून पांढरं झालं होतं. ते त्यानं बोटानं चाचपून पाहिलं.

"चूक चिंधीनं झाली," तो म्हणाला. "मी मासा बघायचा सोडून चिंधी बघायला लागलो. आता खूण नको. जो खरंच पहिला लागेल तो सुटेल. हा असो, दुसरा असो."

"आणि हा दुसरा लागला तर?"

"तर हा वर येईल."

"मुकादमाला कापणार?"

"मुकादम बिकादम काही नाही. मासा आहे."

त्या दिवशी पहिला मीच होतो, म्हणून सुटलो. पण तेव्हापासून मी इतरांसारखाच एक झालो. फरक एकच. नियम मला माहीत आहे, त्यांना नाही.

सध्या तराफ्याखाली अकरा पोरं आहेत. सगळ्यात मोठा सहा महिन्यांचाही नसेल. एकीच्या कुशीवर ठिपके फार बारीक आहेत. माझी असतील, नसतीलही. आम्हाला ओळखता येत नाही, हे मी वर सांगितलंच. मी मोठा म्हणून ती माझ्या मागं मागं असतात. होडीपासून लांब राहा असं मी त्यांना दोनदा सांगितलं. भूक त्यांना ऐकू देत नाही. मला तरी कुठं ऐकू देत होती?

परवा सकाळी उलांडीचा आवाज आला. चुरा पाण्यात पडला. मी नीट विचार केला, हे लक्षात घ्या. विचार करायला वेळ होता. मी गेलो नाही तर पोरांतला कुणीतरी पहिला लागेल आणि तो वाचेल. मी पहिला गेलो तर मी वाचेन. मी मागं राहून दुसरा लागलो, तर एक पोर वाचेल आणि मी जाईन. चार वर्षं झाली होती. पुरेशी होती. अर्धं शेपूट सोललेलं, एक डोळा अधू, आणि ज्या बाजूला वळावं ती बाजूच उरलेली नव्हती.

मी सगळ्यांच्या आधी धावलो.

कुणीतरी पहिला होणारच होता, असं मी दोरावर फिरताना स्वतःला सांगत होतो. हे खोटं नाही. पण जो होणार होता तो मी नव्हतो. सहा पोरं गेली. बारीक ठिपक्यांची गेली नाही, ती उशिरा पोचली. त्यात माझं काही श्रेय नाही.

संध्याकाळी फाकीनं माझा गळ काढला.

"परत हाच पहिला. नशीबवान आहे."

"नशीब नाही, दाजी," मकामे म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "ह्याला कळतं."

फाकी वाकून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "माशाला काय कळतंय," असं म्हणून त्यानं मला सोडून दिलं.

पाच उरली आहेत. ह्या क्षणी माझ्या सावलीत आहेत, त्यांना वाटतं मीही तराफ्याचाच एक भाग आहे. त्यांना नियम सांगितला तर पाचही जण पहिला होण्यासाठी धावतील, आणि मी आता पूर्वीइतका वेगवान राहिलो नाही. म्हणून सांगितलेला नाही. तुम्हाला सांगितला, कारण तुम्ही माणसं आहात, आमच्या पाण्यात गळासाठी धावणार नाही. एवढीच विनंती आहे, कधी ह्या बाजूला आलात तर होडीत जरा हळू बोला.